दोन मानपाडे आणि एक दरी

ठाण्याहून घोडबंदरच्या वाटेला लागले की कापूरबावडी मागे टाकल्यावर थोड्याच अंतरावर मानपाडा लागतो. कल्याण-शीळ रस्त्यावरून डोंबिवलीकडे वळावे तर तेथेही मानपाडा लागतो. एक साष्टी बेटावर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. दुसरा खाडीपलीकडे, रासायनिक कारखान्यांच्या शेजारी. एकाच जिल्ह्यात एकाच नावाच्या या दोन वस्त्या असल्यामुळे टपालवाल्याची आणि रिक्षावाल्याची आजवर कितीदा फसगत झाली असेल, देव जाणे! आम्हांला मात्र या नावातील 'पाडा' हा शब्द अधिक विचार करायला लावतो.

पाडा म्हणजे गाव नव्हे. गावाला पाटील असतो, चावडी असते, देऊळ किंवा चर्च असते, दप्तरात नोंद असते. पाडा गावापासून जरा दूर, डोंगराच्या कुशीला किंवा रानाच्या कडेला असतो. जो शेतावर राबतो, परंतु शेताचा धनी नसतो, त्याची वस्ती म्हणजे पाडा. ठाणे जिल्ह्यात वारली, कातकरी, मल्हार कोळी यांच्या वस्त्यांना आजही हेच नाव आहे. म्हणजे श्रीमंत-गरिबांतील अंतर आपल्या पूर्वजांनी भूगोलातच लिहून ठेवले होते. आज त्याच मानपाड्याच्या, पातलीपाड्याच्या पत्त्यावर वीस-वीस, तीस-तीस मजल्यांचे मनोरे उभे आहेत. पत्त्यात पाडा राहिला. पाड्यातला माणूस मात्र मनोऱ्याच्या मागे, भिंतीपलीकडे आहे. ही दरी कशी पडली, मध्यंतरी ती काही काळ कशी बुजत चालली होती आणि पुन्हा का रुंदावली, याचा हा धावता आढावा.

जमिनीची विषमता

साष्टीतील विषमतेचे मूळ जमिनीत आहे. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगिजांना दिला. पोर्तुगीज सत्तेने साष्टी-वसईतील गावे आपल्या सरदारांना ठरावीक फाळ्यावर वाटून दिली. त्यांत येशूसंघासारखे धर्मसंघही होते, हे येथे प्रांजळपणे नमूद करणे अगत्याचे आहे. ज्या संस्थांनी या भूमीत शाळा, इस्पितळे आणि चर्चे उभारली, त्याच संस्था काही गावांच्या जमीनदारही होत्या. जमीन कसणाऱ्या कुळाची अवस्था वेठबिगाराहून फारशी वेगळी नव्हती. मग ते कूळ बाप्तिस्मा घेतलेले असो वा नसो. आपला इतिहास सांगताना आपण दगडी चर्चांचे दाखले अभिमानाने देतो. ते दगड कोणी वाहिले, याचीही आठवण त्याबरोबर ठेवावयास हवी.

१७३७ मध्ये साष्टी मराठ्यांच्या हाती आली, १७७४ च्या डिसेंबरात ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी घेतला. सरकारे बदलली, कुळाच्या डोक्यावरचा भार तसाच राहिला. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी साष्टीतील गावेच्या गावे मुंबईच्या धनिक व्यापाऱ्यांना दिली. पवईची इस्टेट फ्रामजी कावसजी यांना मिळाली, हे त्याचे ठळक उदाहरण. या इस्टेटींवरील महसुलाची सूट रद्द करण्यासाठी स्वातंत्र्यानंतर, १९५१ साली, साष्टीपुरता स्वतंत्र कायदा करावा लागला. यावरून ही व्यवस्था किती चिवट होती, याची कल्पना येईल.

याच काळात ठाण्यातील आपल्या किरिस्ताव रेशीम विणकरांची कथा घडली. ठाण्याचे रेशमी कापड एके काळी दूरवर जात असे. बाहेरून स्वस्त कापड येऊ लागले तसे हातमाग थंडावले आणि एकोणिसाव्या शतकात ती कला लयाला गेली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्यास पोहोचली, तेव्हा सबंध देशाने तिचे कौतुक केले. त्या गाडीने ठाण्याला मुंबईच्या संपत्तीशी जोडले. त्याबरोबरच ठाण्याच्या माणसाला मुंबईच्या मजुरीशीही जोडले. संपत्ती वाढली म्हणजे ती सर्वांच्या वाट्याला येतेच असे नाही, हा धडा आपल्या जिल्ह्याने रेशमाच्या त्या मागांपाशीच गिरवला होता.

वेठ आणि वेठीविरुद्धचा उठाव

साष्टीबाहेर, जिल्ह्याच्या उत्तरेस, याहूनही दारुण स्थिती होती. डहाणू, तलासरी, उंबरगाव या भागांत वारल्यांच्या जमिनी सावकारांच्या घशात गेल्या होत्या. ज्याची जमीन गेली त्याला त्याच जमिनीवर फुकट राबावे लागे. लग्नासाठी घेतलेल्या काही रुपयांच्या कर्जापायी नवरा-बायको जन्मभर सावकाराच्या दारी बांधले जात. त्यांना 'लग्नगडी' असे नावच पडले होते.

या अंधारात पहिली मशाल पेटली ती आपल्या मानपाड्यापासून फार दूर नाही. जानेवारी १९४५ मध्ये कल्याण तालुक्यातील टिटवाळा येथे महाराष्ट्रातील किसान सभेची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने भरलेल्या या परिषदेला काही वारली प्रतिनिधी आले. वेठ बंद करता येते, हे त्यांनी तेथे प्रथमच ऐकले आणि ते आपल्या पाड्यांवर परतले. मे महिन्यात झरी येथे हजारो वारली जमले. वेठ करणार नाही, १२ आणे रोख मजुरी मिळाल्याखेरीज सावकाराच्या जमिनीवर काम करणार नाही, असा निर्धार त्यांनी केला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच माणसे मृत्युमुखी पडली. १२ आण्यांचे मोल किती असते, हे त्या पाच जणांच्या घरच्यांना विचारावे!

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक ठरले. आपल्यातील कित्येक कुटुंबांकडे जमिनीचा जो तुकडा आला, तो या कायद्याने आला, हे नव्या पिढीला ठाऊक असतेच असे नाही. मात्र ज्या वारल्याचे किंवा कातकऱ्याचे नाव सातबाराच्या उताऱ्यावर कधी चढलेच नव्हते, त्याला या कायद्याचा फारसा लाभ झाला नाही. वेठबिगारी सबंध देशात कायद्याने बंद होण्यास १९७६ साल उजाडावे लागले आणि कायदा झाल्यानंतरही वसई तालुक्यात वेठबिगारांच्या मुक्तीसाठी कार्यकर्त्यांना झगडावे लागले.

भोंग्याचे दिवस

आता आपण अशा कालखंडाकडे वळू, जेव्हा ही दरी खरोखरच काहीशी बुजत चालली होती. १९२५ साली ठाण्यात एक लोकरीची गिरणी सुरू झाली. तीच पुढे रेमंड या नावाने देशभर गाजली. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि त्याची पहिली वसाहत ठाण्यातील वागळे इस्टेट ही होती. कोलशेत, बाळकुम, माजिवडे या परिसरांत औषधांचे आणि रंगरसायनांचे कारखाने आले. तिकडे डोंबिवलीच्या मानपाड्यालगतही औद्योगिक वसाहत वसली. सकाळी भोंगा वाजला की हातात डबा घेतलेल्या माणसांची रांग फाटकाकडे निघे.

त्या रांगेत कोण असे? आगरी असे, कोळी असे, घाटावरून दुष्काळात आलेला शेतकरी असे, कोकणातला चाकरमानी असे, आणि आपल्या धर्मग्रामातील फिटर, टर्नर व वेल्डरही असे. कायम नोकरीबरोबर भविष्यनिर्वाह निधी येई, कामगार विम्याचे इस्पितळ येई, १९७२ नंतर उपदान येई. कारखान्याच्या पतपेढीतून काढलेल्या कर्जावर बहिणीचे लग्न होई आणि दोन खोल्यांचे घरही बांधले जाई. फाटकाच्या आत साहेब आणि कामगार यांच्या पगारांत अंतर होतेच, पण उपाहारगृह एक होते. साहेबाचा मुलगा आणि फिटरचा मुलगा पुष्कळदा एकाच शाळेच्या बाकावर बसत. आम्ही स्वतः अशा वर्गात शिकलो आहोत. कोणाचे वडील काय करतात, हे आम्हांला तेव्हा माहीत होते. परंतु त्यावरून कोणाशी खेळावयाचे हे ठरत नसे.

हे केवळ आमचे स्मरणरंजन नव्हे. आयकराच्या नोंदींवरून अर्थशास्त्रज्ञ तोमा पिकेटी आणि त्यांचे सहकारी यांनी १९२२ पासूनच्या भारतीय उत्पन्नांचा हिशेब मांडला आहे. त्यांच्या मते स्वातंत्र्यापूर्वी, १९३० च्या दशकाच्या अखेरीस, देशातील एकूण उत्पन्नाचा सुमारे पाचवा हिस्सा वरच्या एक टक्का लोकांच्या हाती होता. १९८० च्या दशकाच्या आरंभी तो सुमारे ६ टक्क्यांवर आला. संस्थाने आणि जमीनदाऱ्या गेल्या, सार्वजनिक उद्योग उभे राहिले, करांचे दर चढे होते. १९७३-७४ मध्ये आयकराचा सर्वांत वरचा दर अधिभार धरून ९७.७५ टक्के होता. वारसाने येणाऱ्या मोठ्या इस्टेटींवरही १९५३ पासून १९८५ पर्यंत कर होता. इतक्या चढ्या करांमुळे पैसा लपविण्याची वृत्ती बळावली, हेही तितकेच खरे. शिवाय त्या काळी देश गरीब होता. आज उपाशी झोपणाऱ्यांचे प्रमाण तेव्हापेक्षा पुष्कळ कमी आहे. तेव्हा 'जुने ते सोने' असा सूर आम्हांला मुळीच लावावयाचा नाही.

तरीही त्या काळातील एक गोष्ट महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना जन्मली. १९७२ च्या दुष्काळात तिने लाखोंना जगविले आणि १९७७ साली तिला कायद्याचे रूप मिळाले. या योजनेला पैसा हवा म्हणून १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. वागळे इस्टेटमधील कारकुनाच्या आणि कामगाराच्या पगारपत्रकावर दरमहा काही रुपयांची जी कपात दिसे, ती दुष्काळी गावातील मजुराच्या घमेल्यापर्यंत पोहोचावी, अशी ही योजना होती. शहराने खेड्याला दिलेली ती भिक्षा नव्हती. एका राज्यात राहणाऱ्यांनी परस्परांशी केलेला तो करार होता. १९६९ चा माथाडी कायदा आणि १९८१ चा सुरक्षारक्षकांचा कायदा हेही याच विचाराचे अपत्य. ज्याला कायम मालक नाही अशा श्रमिकालाही निधी, रजा आणि उपचार मिळावेत, यासाठी महाराष्ट्राने इतरांच्या आधी मार्ग शोधला होता.

भोंगा थांबला

१९८२ साल हे आपल्या परिसराच्या इतिहासातील वळण मानावे लागेल. त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले; त्यांतील असंख्यांना परत आत जाताच आले नाही. त्याच वर्षी ठाण्याची महानगरपालिका अस्तित्वात आली आणि पुढच्या वर्षी कल्याणची. गिरणगावातून उठलेली कुटुंबे खाडी ओलांडून डोंबिवली-कल्याणला स्थिरावू लागली. १९९१ च्या नव्या आर्थिक धोरणानंतर उद्योगांना दुसरीकडे जाणे सोपे झाले आणि ठाण्यात जमिनीचा भाव कारखान्याच्या नफ्याहून अधिक बोलू लागला. स्वेच्छानिवृत्ती हा शब्द घरोघरी पोहोचला. त्यातील 'स्वेच्छा' कोणाची होती, हे ज्याने अर्जावर सही केली त्यालाच ठाऊक!

२००९ मध्ये रेमंडची ठाण्यातील गिरणी बंद झाली. त्याच जमिनीवर २०१९ पासून कंपनीचा गृहप्रकल्प उभा राहू लागला. कोलशेतला सँडोझ आणि तिच्यातून निघालेली क्लॅरियंट यांचा रसायनांचा कारखाना होता. त्याची जमीन पुढे अकराशे कोटी रुपयांहून अधिक किमतीला गृहबांधणीसाठी विकली गेली. शहरांतील अतिरिक्त मोकळी जमीन गरिबांच्या घरांसाठी मिळावी म्हणून १९७६ साली नागरी जमीन कमाल धारणा कायदा झाला होता. पळवाटांनी पोखरलेला हा कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये रद्द केला. त्याच्या जागी परवडणाऱ्या घरांसाठी तितकाच व्यापक दुसरा उपाय मात्र आला नाही. संपत्ती करही २०१५ च्या अर्थसंकल्पाने संपला.

परिणाम आकड्यांत दिसतो. पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्का लोकांकडे देशातील उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता. उत्पन्नातील हा वाटा ब्रिटिश अमदानीतील वाट्यालाही मागे टाकणारा आहे. या हिशेबाच्या पद्धतीवर काही अर्थतज्ज्ञांनी आक्षेप घेतले आहेत. परंतु घोडबंदर रस्त्याने जाणाऱ्याला त्याची दिशा समजण्यास तज्ज्ञांची गरज पडू नये. सायमन कुझ्नेट्स यांनी १९५५ साली असा तर्क मांडला होता की, देश औद्योगिक होऊ लागला की विषमता प्रथम वाढते आणि पुढे कमी होते. आपल्याकडे गाडी नेमकी उलट दिशेने गेली. भोंगा वाजत होता तोवर अंतर घटले, भोंगा थांबला आणि ते वाढू लागले.

अंतराचे आजार

कोणी म्हणेल, शेजाऱ्याने दोन गाड्या घेतल्या म्हणून माझे काय बिघडले? माझ्या ताटात भाकरी आहे ना? हा प्रश्न श्रीमंत देशांनी स्वतःला विचारला आहे आणि त्याचे उत्तर मनन करण्याजोगे आहे. लंडनमधील सरकारी नोकरांच्या आरोग्याचा अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. मायकल मार्मट यांनी तो जगापुढे आणला. या नोकरांत उपाशी कोणी नव्हते, बेघर कोणी नव्हते, सर्वांना सरकारी वैद्यकीय सेवा मिळत होती. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांचे मृत्युप्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीतील पुरुषांच्या सुमारे तिप्पट आढळले. मधल्या पायऱ्यांवरही प्रत्येक पायरीगणिक फरक होता. म्हणजे माणूस केवळ भुकेने खंगत नाही. आपल्या आयुष्यावर आपला ताबा नाही, ही जाणीवही त्याला आतून पोखरते. २००९ मध्ये रिचर्ड विल्किन्सन आणि केट पिकेट यांनी श्रीमंत देशांची परस्परांशी तुलना केली. ज्या देशांत उत्पन्नातील अंतर अधिक, तेथे मनोविकार, तुरुंगवास आणि परस्परांवरील अविश्वास अधिक, असे त्यांनी दाखविले. त्यांच्या निष्कर्षांवरही वाद झाले. पण अमेरिकेसारख्या अतिश्रीमंत देशात मध्यमवयीन, कमी शिकलेल्या गोऱ्या लोकांत दारू, मादक औषधे आणि आत्महत्या यांनी होणारे मृत्यू वाढत गेले, हे ॲन केस आणि अँगस डीटन यांनी २०१५ मध्ये निदर्शनास आणले. ज्यांचे कारखाने बंद झाले, संघटना मोडल्या आणि चर्चमधील शेजारही विरळ झाला, अशी ती माणसे होती. आपल्या जुन्या औद्योगिक वसाहतींतील दारूची दुकाने आणि त्यांच्या दारात बसलेले, एके काळी कुशल असलेले हात ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही गोष्ट परक्या देशाची वाटणार नाही.

आपल्याकडे मात्र हे अंतर थेट जिवावरही उठते. डोंबिवलीच्या मानपाड्यावरून कल्याण-शीळ रस्त्याने निघाले की वाटेत मोठ्या नियोजित नगरांची प्रवेशद्वारे लागतात आणि पुढे शीळफाटा येतो. तेथे ४ एप्रिल २०१३ रोजी लकी कंपाउंडमधील एक बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे ठार झाली. अवघ्या काही आठवड्यांत मजल्यावर मजले चढविलेल्या त्या इमारतीत, बांधकाम पुरे होण्याआधीच, मजूर आणि त्यांची लेकरे राहत होती. दुसऱ्यांची घरे बांधणाऱ्याला स्वतःसाठी तेवढेच घर परवडत होते. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २०१६ आणि २०२४ साली, दोन्ही वेळा मे महिन्यात, रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले. स्फोटाचा हादरा दूरवरच्या काचांना बसतो, परंतु मरण प्रामुख्याने कारखान्यात राबणाऱ्याच्याच वाट्याला येते.

२०२० च्या टाळेबंदीत ही दरी सर्वांच्या डोळ्यांपुढे आली. ठाण्याहून नाशिकच्या रस्त्याने डोक्यावर बोचकी घेतलेली कुटुंबे उत्तरेकडे पायी निघाली. इकडे संकुलांची फाटके मोलकरणींना बंद झाली. कोणी तीन महिने पगार घरी पोहोचविला, कोणी पहिल्याच महिन्यात हात वर केले. आपल्या धर्मग्रामांतूनही दोन्ही प्रकारची उदाहरणे घडली, हे आपण जाणतो.

भिंतीची एक बाजू आपली

येथवर वाचून वाचकांपैकी कोणी मनात म्हणत असेल, हा सारा दोष बांधकाम व्यावसायिकांचा आणि सरकारचा. तसे म्हणून सुटका होत नाही. ज्या जमिनी विकल्या गेल्या, त्यांतील काही आपल्याच आजोबांच्या होत्या. एका भावाने १९८५ मध्ये विकली आणि त्या पैशात मुलीचे लग्न केले. दुसऱ्याने २००५ पर्यंत धीर धरला आणि त्याच्या मुलांनी परदेश गाठला. एका आईच्या पोटची ही दोन घरे. आज सणासुदीलाही एकमेकांकडे जाताना संकोचतात. विषमता केवळ मनोरा आणि पाडा यांच्यातच असते असे नाही. ती आपल्या घरातील जेवणाच्या टेबलाशीही येऊन बसते.

सकाळी सातच्या सुमारास ठाण्याच्या मानपाड्याच्या नाक्यावर उभे राहावे. डोंगरउताराच्या वस्त्यांमधून बायका भराभर खाली येतात. संकुलाच्या फाटकावर ओळखपत्र दाखवितात, पिशवी उघडून दाखवितात आणि त्यांच्यासाठी राखलेल्या उद्वाहकाने वर जातात. त्या उद्वाहकाच्या दालनात भिंतीवर वारली चित्र काढलेले असते. तारपा वाजविणारा, त्याच्याभोवती फेर धरून नाचणारी माणसे! जिव्या सोमा मशे या थोर वारली चित्रकाराला २०११ साली 'पद्मश्री' मिळाली आणि ही कला जगभर पोहोचली, याचा आनंदच आहे. परंतु ज्या भिंतीवर वारल्याचे चित्र शोभते, त्या भिंतीच्या आत वारल्याच्या मुलीला पिशवी उघडून दाखविल्याखेरीज जाता येत नाही. महाराष्ट्राने २००८ साली घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईची तेथे नोंद आहे का, हे आपल्यापैकी कितीजणांनी कधी विचारले आहे?

१५ मे १८९१ रोजी पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या स्थितीवर परिपत्रक काढले. खाजगी मालमत्तेचा हक्क त्यांनी मान्य केला. त्याबरोबरच, कामगाराला त्याच्या साध्या राहणीला पुरेल एवढे वेतन मिळणे हा न्याय आहे, केवळ बाजाराचा सौदा नव्हे, असेही त्यांनी निक्षून सांगितले. २०२५ मध्ये नव्या परमगुरूंनी लिओ हेच नाव धारण केले, ते या परिपत्रकाची आठवण ठेवूनच. हे परिपत्रक आपल्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या हातांनाही लागू आहे.

आणि शाळा? पाडा आणि गाव यांच्यातील अंतर ज्या एका बाकावर मिटत असे, तो बाक शाळेत होता. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवल्या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अल्पसंख्याकांच्या शाळांना या कायद्यातून वगळले. संस्था चालविण्याचा आपला घटनादत्त हक्क जपला गेला, याचे समाधान आम्हांलाही वाटले. परंतु कायद्याची सक्ती उठली म्हणजे कर्तव्य उठत नाही. किंबहुना, जे आता कोणी करावयास लावणार नाही, ते आपण आपणहून करतो की नाही, याकडे पाड्यावरची आई पाहत असते. कोणतीही सक्ती नसताना आपल्या पूर्वीच्या धर्मगुरूंनी आणि धर्मभगिनींनी कोळ्या-आगऱ्यांच्या, मजुरांच्या मुलांना फी न घेता वर्गात बसविले. त्यांच्याच पुण्याईवर आपल्या शाळांची नावे आज इतक्या आदराने घेतली जातात.

ठाण्याच्या मानपाड्याजवळ, तिकुजीनी वाडीपासून डोंगराच्या पोटातून बोरिवलीपर्यंत जुळा बोगदा खणण्याच्या कामाचे भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झाले. तासाभराचा प्रवास त्यामुळे काही मिनिटांवर येईल, असे सांगण्यात येते. डोंगर पोखरून पलीकडे जाण्याइतकी विद्या आणि पैसा आपल्यापाशी आता आहे. फाटकापासून पाड्यापर्यंतचे अंतर त्याहून कितीतरी कमी आहे.

जून महिन्यात शाळा उघडतात. प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या शाळेच्या व्यवस्थापनाला यंदा एवढेच विचारावे, की जवळच्या पाड्यावरील किती मुले पहिलीच्या वर्गात बसली आणि त्यांच्या फीची सोय कोणी केली. उत्तर शून्य असेल तर पुढल्या वर्षी ते निदान दोनवर यावे. आपल्यापैकी ज्यांनी फिटरच्या मुलाशेजारी बसून अभ्यास केला आहे, त्यांना या मागणीचे प्रयोजन समजावून सांगण्याची गरज नाही.